आक्काचे थापे आणि माझी थाप

फोन आला तेव्हा मी गच्चीवर ज्वारीचे पापड उलटत होते. पुतण्याचा आवाज ऐकूनच समजलं. तो म्हणाला, "काकू, आक्का गयी." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा, तर "जेवली होती का?" माणूस गेल्यावर हे कोणी विचारतं का... पण पुतण्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. "हो, खिचडी खाईसन आडी पडनी, मंग उठनीच नही," म्हणाला. मला फार बरं वाटलं. पंच्याऐंशी वर्षांची बाई गरम खिचडी खाऊन आडवी होते आणि कोणाला त्रास न देता जाते, यात रडण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला बजावलं आणि उरलेले पापड उलटायला घेतले. निम्मे तुटले.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, दगूबाई. सगळं कोरीट गाव तिला आक्काच म्हणायचं. तिला जाऊन आता सहा आठवडे झाले. लिहायला बसले आहे ती दुःख सांगायला नव्हे. मला तिचे आभार मानायचे आहेत, आणि ते मानायचे तर आधी माझी फजिती सांगावी लागेल, कारण दोन्ही एकाच गोष्टीत अडकलेल्या आहेत.

साठचं दशक संपत आलं होतं. मी नंदुरबारची मॅट्रिक पास मुलगी, लग्न होऊन कोरीटला आले. मॅट्रिक पास हे शब्द मी तेव्हा कुंकवासारखे कपाळावर लावून हिंडत असे. सासरी सगळे अहिराणी बोलायचे, म्हणून मी मुद्दाम पुस्तकातलं मराठी बोलायची. "मी जल आणते" असं एकदा म्हटल्याचं मला आठवतं. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्यांनी शांतपणे म्हटलं होतं, "जल आनशी तं आन, पन घागरमा पानी बी भर." त्या घरात माझ्या शिक्षणाची ज्यांना खरोखर गरज होती असे दोनच जण होते. एक माझा धाकटा दीर सुरेश, तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला होता आणि त्याची पत्रं मी वाचून दाखवायची. दुसरी आक्का, ती ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं. सोळाव्या वर्षी नवरा तापानं गेला, सासरच्यांनी पोचवून दिली, तेव्हापासून ती माहेरी. मी आले तेव्हा ती सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. तिचा हात असा की ओल्या मातीवरून बोट फिरवलं तरी मोर उठायचा. पण पोळ्याला बैलांच्या पाठीवर गेरूचे थापे, म्हणजे तळहाताचे ठसे, मारायचे असोत, नाहीतर लग्नात दारावर कुंकवाचे, आक्कानं फक्त रंग कालवायचा. तोही मागच्या दारी. वाटी पुढे न्यायची ती दुसऱ्या कोणी. हे कोणी दुष्टपणानं करत नव्हतं. तसं असतं, म्हणून तसं करायचं, एवढंच. मीही त्यातलीच. एवढी मॅट्रिक पास, पण मला त्यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नव्हतं.

तर एक दिवस सुरेशचं पत्र आलं आणि त्यातून वर्तमानपत्राचं एक कात्रण पडलं. कात्रणात एक परदेशी गवई उभा, केस मानेपर्यंत आलेले, आणि त्याच्या गळ्यात एक चपटं वाद्य. सुरेशनं लिहिलं होतं की हा गवई जगभर गाजतो आहे, ही त्याची विजेवर वाजणारी गिटार आहे, आणि गॅदरिंगमध्ये मित्रांबरोबर त्याला एक कार्यक्रम करायचा आहे. सगळं जमलं, गिटार नाही. पुण्यात ती मिळेना. तेव्हा आपल्या मोतीराम सुतारांकडून अशीच्या अशी लाकडाची करून घ्या, रंगसुद्धा अगदी तस्सा द्या. गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं गावातले एक गृहस्थ पुण्याला निघणार होते, त्यांच्याबरोबर पाठवा. मी हे मोठ्यानं वाचलं. आत्याबाई गव्हातले खडे निवडत होत्या. म्हणाल्या, "गटार? ती कसाले घरमा बनाडनी? गल्लीमा कमी शेतस का?"

मोतीराम सुतार बैलगाड्या करायचे. त्यांनी कात्रण हातभर लांब धरून पाहिलं, मग उलटं धरून पाहिलं. त्या गिटारीला खांद्याजवळ दोन टोकं होती. "हाई तं बैलनं डोकं दिखस," ते म्हणाले. मग त्यांना खरी शंका आली. "वहिनी, हिनं पोट कोठे शे? वीणाले पोट ऱ्हास, तंबोराले ऱ्हास. हाई तं फळी शे नुसती."

मी म्हटलं, "मोतीरामभाऊ, हिला पोट नसतं. ही विजेवर वाजते."

"आपला गावमा तं वीज आजून उनी नही."

"पुण्यात आहे ना."

"म्हंजे आठे मुकी, तठे बोलकी," म्हणाले आणि कामाला लागले. गाडीच्या चाकासाठी आणलेल्या बाभळीचं लाकूड होतं, त्यातून त्यांनी दोन शिंगांचं ते धड काढलं. दांड्याला सागाची पट्टी. सायकलच्या तारा कापून दांड्यावर आडव्या ठोकल्या, बाजेच्या खुंट्या बारीक करून वर तारा पिळायचे सहा कान केले, आणि खालच्या बटणांच्या जागी माझ्या शाईच्या दौतींची बुचं बसवली. वाजवायच्या तारा विहिरीवरच्या इंजिनाच्या सामानातून मिळाल्या. ओट्यावर बसून मी कात्रण हातात धरून त्यांना सूचना द्यायची. आता आठवलं तरी कान लाल होतात. ज्या माणसानं आयुष्यभर रंधा मारला त्याला मी "जरा गोलाई नीट घ्या" सांगत होते. ते "हो वहिनी" म्हणायचे आणि त्यांना हवी तशीच गोलाई घ्यायचे, म्हणून ती गिटार चांगली झाली.

राहिला रंग. कात्रण काळंपांढरं, छपाई फिसकटलेली. गिटारीवर ठिपके, डाग, फाकलेल्या बोटांसारखं काहीतरी दिसत होतं, नक्की काय ते कळत नव्हतं. पण चित्राखाली इंग्रजीत एक ओळ होती, आणि इंग्रजी वाचणारं घरात कोण, तर मी. सगळे गोळा झाले. मोतीरामभाऊ, आत्याबाई, शेजारच्या दोघीजणी. आक्का दाराआड, पण कान इकडे. मी ओळ वाचली. त्यात एक शब्द होता, हँडपेंटेड. हँड म्हणजे हात, पेंटेड म्हणजे रंगवलेली. हातानं रंगवलेली.

"मंग हातनीच रंगाडतंस ना समदं?" मोतीरामभाऊ म्हणाले. "पायनी कोन रंगाडस?"

आणि इथे माझी मॅट्रिकची बुद्धी चमकली. खरंच की. आमच्या गावात गाडी रंगवायची तर हातानं, दार रंगवायचं तर हातानं, मडकं, पाळणा, बैलाची शिंगं, सगळं कोणीतरी हातानंच रंगवतं. मग वर्तमानपत्रवाला मुद्दाम लिहील कशाला? कुंचला वापरला असता तर त्यानं ब्रशपेंटेड लिहिलं असतं. तेव्हा याचा अर्थ सरळ आहे. तळहात रंगात बुडवून थापे मारले आहेत. मी कात्रणातल्या फाकलेल्या बोटांकडे बोट दाखवलं. "ही बघा बोटं. थापे आहेत हे. त्यांच्यातही चांगल्या कामाला थापे मारत असतील." सगळ्यांना एकदम पटलं. मला तर माझाच अभिमान वाटला. आक्कानं दाराआडून हात पुढे केला, कात्रण घेतलं, उन्हात धरून बराच वेळ पाहिलं, आणि काही न बोलता परत दिलं.

थापे म्हटल्यावर आत्याबाईंनी सूत्रं हाती घेतली. सुरेशच्या परीक्षेचं वर्ष, पोराचं काम शुभ हातांनी व्हायला पाहिजे. चार सवाष्णी बोलावल्या, पाचवी मी. बैलांच्या शिंगांना लावायचा ऑइलपेंट घरात होताच, लाल, पिवळा, हिरवा, निळा. रंग कालवायला आक्का निघाली तर मी म्हटलं, मी करते, हे शास्त्रशुद्ध व्हायला हवं. आणि रॉकेल इतकं ओतलं की रंगाचं ताक झालं. पाचजणी हसत हसत बसल्या, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या लाकडावर हात टेकले, आणि प्रत्येकीचा हात घसरला. माझा तर दांड्यापर्यंत गेला. सगळे रंग एकमेकांत मिसळले, आणि मोतीरामभाऊंची चार दिवसांची मेहनत चिखलात लोळून आलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली. सवाष्णी हात पुसत घरी गेल्या. मंगळवारची दुपार होती. ऑइलपेंट वाळायला दीड दिवस तरी हवा. मोतीरामभाऊ पुन्हा रंधा मारायला बसले, तेच मला जास्त लागलं.

रंग पुसायला फडकी हवी होती म्हणून मी गोठ्यात गेले. तिथे कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्या लावलेल्या असत. फडक्यांचं गाठोडं पेंढ्यांमागे पडलेलं दिसलं, म्हणून दोन पेंढ्या ओढल्या... आणि मागची भिंत दिसली. त्या भिंतीवर थापे होते. गेरूचे. बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर, ओळीनं. काही विटून मातीच्या रंगाचे झालेले, काही गडद. एकही घसरलेला नाही. तळव्यावरची रेष न् रेष उमटलेली. एका ठिकाणी पाच-सहा थापे गोल फिरवून मारलेले, मधे बोटांचे ठिपके, आणि त्यांचं कमळ झालेलं. मी पाहत उभी राहिले. आक्का रोज तिथे दूध काढायला बसायची. दर पोळ्याला वाटीत जो गेरू उरत होता तो कुठे जात होता, हे मला तेव्हा समजलं.

मी फार शहाणी नव्हते, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. पण त्या भिंतीसमोर माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट कुठेतरी गळून पडलं. मी पेंढ्या होत्या तशा लावल्या आणि बाहेर आले. आक्का अंगणात मोतीरामभाऊंच्या शेजारी बसून दांड्याचा रंग खरवडत होती, सुपारीएवढं तोंड करून. मी सरळ आत्याबाईंकडे गेले आणि आयुष्यातली पहिली मोठी थाप मारली. कात्रण त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "आत्याबाई, मघाशी माझं एक वाचायचं राहिलं. खाली बारीक लिहिलं आहे."

"काय लिखेल शे?"

"की सगळे थापे एकाच माणसाचे हवेत. आणि..." मी कात्रण डोळ्यांजवळ नेलं, "आणि सवाष्णीचा हात चालत नाही. ज्यांचे यजमान गेले आहेत अशांचाच लागतो. त्यांच्याकडे तशी रीत आहे."

आत्याबाई गहू निवडत होत्या. हात थांबला. त्यांनी कात्रणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. दगूबाई त्यांच्या पोटची लेक होती, हे मला त्या क्षणी आठवलं, आणि वाटलं आता ही बाई मला उभी चिरणार. त्या म्हणाल्या, "गह्यरी इंग्रजी शिकनी वं तू." मग सूप झटकलं. "इंग्रजीमा तसं लिखेल व्हई तं तसंच करा. माले काय समजस."

आक्का मात्र ऐकेना. "नको वं सुमन. सुरेशना काममा मन्हा हात नको." मी म्हटलं, आत्याबाईंनी सांगितलं आहे. तिला खरं वाटेना. ती आत गेली, आईच्या समोर उभी राहिली. काय बोलणं झालं मला माहीत नाही. ती बाहेर आली ती पदर खोचूनच. पहिल्यांदा रंगाचे डबे स्वतःपुढे ओढले. एकेकात बोट बुडवून वर उचललं, रंगाची धार कशी तुटते ते पाहिलं. "ताक करी टाकं," एवढंच मला म्हणाली. डबे उन्हात ठेवून रंग घट्ट होऊ दिला. मग उजवा हात लाल रंगात टेकवला, जादा रंग काठाला निपटला आणि लाकडावर ठेवला. दाबला नाही, ठेवला. आणि उचलताना आधी मनगट, मग तळवा, मग एकेक बोट. ती कधी शिकली असेल हे, याचा विचार करायची मला गरज नव्हती.

संध्याकाळपर्यंत ती रंगवत होती. प्रत्येक रंगाआधी हात रॉकेलनं धुवायचा, चोळून चोळून कोरडा करायचा. पिवळ्या थाप्यावर अर्धा हिरवा. दोन शिंगांवर नुसती बोटं, वर चढत गेलेली. मधोमध थापे गोल फिरवून एक निळं फूल. मोतीरामभाऊ रंधा मांडीवर ठेवून बघत बसले होते. शेजारची एक बाई कुंपणाशी येऊन थांबली आणि आत्याबाईंना म्हणाली, "माय, दगूना हात कसा काय?" आत्याबाई म्हणाल्या, "पुनाले चालस. तुन्हं काय जास?" आक्कानं मान वर केली नाही. पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

गुरुवारी सकाळी जुन्या गोधडीत गुंडाळून गिटार एस.टी.त बसली. महिनाभरानं सुरेशचं पत्र आलं. वर माझं एकटीचं नाव, म्हणून मी ते आधी मनात वाचलं. बरं झालं. त्यानं लिहिलं होतं, "वहिनी, हँडपेंटेड म्हणजे थापे नव्हेत. यंत्रानं नाही, माणसानं कुंचल्यानं चित्रं काढली, असा त्याचा अर्थ. त्या गिटारीवर फुलं आहेत. तुम्ही डिक्शनरी घ्या." पोरं आधी खूप हसली म्हणे. गिटार एवढी जड की उभ्यानं धरवेना, म्हणून तो खुर्चीवर बसला. हात हा फिरवत होता आणि आवाज काढत होता पडद्यामागचा मित्र, बुलबुलतरंगावर. पण उजेड पडला आणि ते सगळे हात दिसले, तेव्हा हसणं थांबलं. नंतर त्याच्या प्राध्यापकांनी विचारलं, हे हात कोणाचे? "मी सांगितलं, माझ्या बहिणीचे," एवढं लिहून त्यानं पत्र संपवलं होतं.

शेवटचं वाक्य मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. डिक्शनरीचं वाक्य गिळलं. वीस-बावीस वर्षं गिळून ठेवलं.

पुढच्या पोळ्याला आत्याबाईंनी गेरूची वाटी उचलली आणि अंगणात, चारचौघांसमोर, आक्काच्या पुढ्यात ठेवली. बैल उभे होते, गडी उभे होते, आमचे हे उभे होते. आक्कानं वाटीकडे पाहिलं, मग आईकडे... आणि सर्ज्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर गावात हळूहळू काय झालं ते सांगायला बसले तर पान पुरणार नाही. नवी गाडी आली की आक्काला बोलावणं. पहिलं ट्रॅक्टर आलं, त्याच्या बॉनेटवर आक्काचा हात. वीज आली तेव्हा विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर आक्काचा हात. काही घरांनी शेवटपर्यंत बोलावलं नाही, तेही खरं. पण माझ्या मुलीच्या लग्नात दारावर पहिला थापा तिचा होता. तेव्हा मी तिला मागच्या खोलीत नेलं आणि सगळं कबूल केलं. कात्रणात बारीक काही लिहिलेलं नव्हतं. मी थाप मारली. आणि त्याआधी जे वाचलं तेही चूक होतं, ती फुलं होती.

आक्का कुंकवानं माखलेले हात पुसत म्हणाली, "माले ठाऊक व्हतं. उन्हमा धरं तवाच फुलं दिखनीत."

"मग तेव्हाच बोलल्या का नाहीत?"

"बोलती तं हात कोन लावू देता माले?" आणि मग डोळे बारीक करून, "तू इतली मन लाईसन चुकी ऱ्हायंती. म्हनं चुकू द्या."

माझ्या अज्ञानाचा इतका चांगला उपयोग आयुष्यात दुसऱ्या कोणी केला नाही. मी तिच्यासाठी थाप मारली असं मी इतकी वर्षं मिरवत होते, मनातल्या मनात. तिनं तर माझी चूक आधीच उचलून बाजूला ठेवली होती, लागेल तेव्हा वापरायला. पाच सवाष्णी बसल्या तेव्हाही ती गप्प राहिली, हे मला त्या दिवशी उमगलं. थांबायचं कसं हे तिला येत होतं. मला अजून येत नाही. पण चुकायला घाबरायचं नाही, एवढं तिच्यामुळे आलं. पुढे वयाच्या चाळिशीत मी गावातल्या बायकांना अक्षरं शिकवायला लागले, चुकत चुकत, ते तिच्याच ओट्यावर. पहिली विद्यार्थिनी ती. तिला 'द' लिहायला फार आवडायचं. तिचं 'द' मोरासारखं दिसायचं.

गिटार सुरेशच्या घरी पुण्याला आहे. मी परवा कोरीटला गेले होते ती आक्काची खोली आवरायला. फारसं काही नव्हतंच. दोन लुगडी, पाटी, चष्म्याची डबी. खिडकीत ऑइलपेंटचा एक लाल डबा, झाकण तिरकं ठेवलेला. पुतण्यानं नवी मोटारसायकल घेतली होती, तिच्यासाठी तो आणला होता म्हणे. आक्कानं तो दोन दिवस उघडा ठेवला, जायच्या आदल्या दिवशी बोट टेकवून पाहिलं, म्हणाली खाली अजून पातळ वाटतो, उद्या बघू. मी झाकण काढलं. दुधावर साय धरते तशी रंगावर साय धरली होती, घट्ट, सुरकुतलेली. आणि त्या सायीच्या मधोमध एका बोटाची खळी.

पुतण्या दारातून म्हणाला, "काकू, वायी गया का? फेकी दिऊ?"

मी म्हटलं, "राहू दे. झाकण तेवढं नीट लाव." मोटारसायकल अजून तशीच कोरी फिरते आहे.